पालीला जिवंत किडाच का हवा?

पावसाळा सरत आला, भात निसवू लागले, की पेण तालुक्यातील गडबसारख्या गावात संध्याकाळी दिवा लावताच खाचरांतून तुडतुडे आणि खोडकिड्याची पाखरे घरात शिरतात. दिव्याशेजारी भिंतीवर पाल टपलेली असतेच. तिला बरणीत ठेवून रोज किडे घालावेत, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. ते किती अवघड आहे, हे पाहू.

पहिली अडचण अशी, की मेलेला किडा समोर टाकला तरी पाल बहुधा त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. भक्ष्य ओळखताना तिची नजर मुख्यतः हालचाल टिपते. स्थिर किडा पार्श्वभूमीत मिसळून जातो. तो हलला की भक्ष्य ठरतो.

दुसरा प्रश्न, किती खाऊ घालावे? आपल्या अन्नातील मोठा भाग शरीर ३७ अंश सेल्सियसला उबदार ठेवण्यात खर्च होतो. पाल ही ऊब बाहेरून घेते. म्हणून तेवढ्याच वजनाच्या उंदराच्या मानाने, विश्रांतीच्या स्थितीत, तिला सुमारे एक दशांश ऊर्जा पुरते. पण याला दुसरी बाजू आहे. तापमान १० अंशांनी उतरले, की शरीरातील रासायनिक क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर येतो. थंडीत पोटात गेलेला किडा नीट पचत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. किड्याला हाडे नसतात. त्याचा सांगाडा म्हणजे बाहेरचे कवच, आणि ते मुख्यतः कायटिनचे असते. त्यामुळे रातकिड्यासारख्या कीटकात कॅल्शियम अगदी थोडे आणि स्फुरद त्याच्या कित्येक पट असते. पालीला मात्र हाडांसाठी आणि अंड्यांच्या कठीण कवचासाठी कॅल्शियम हवे. घरातल्या मादीच्या मानेच्या दोन्ही बाजूंना कधी पांढरट फुगवटे दिसतात. त्या पिशव्यांत चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा, साठा असतो! परदेशांत लेपर्ड गेको नावाची ठिपकेदार पाल पाळणारे लोक म्हणूनच किड्यांना आधी पालेभाजी खाऊ घालतात आणि मग त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरतात. किड्याच्या पोटात जे असेल, तेच पुढे पालीच्या पोटात जाते. फवारणी झालेल्या शेतातला किडा दिला, तर कीटकनाशकही जाईल.

कॅल्शियम पोटात गेले तरी ते शोषून घ्यायला ‘ड’ जीवनसत्त्व लागते. बागेतला सरडा ते उन्हातील जंबुपार किरणांच्या साहाय्याने त्वचेत तयार करतो. साधी काच प्रकाश आत सोडते. पण नेमके हे, सुमारे ३१५ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे किरण बहुतांशी अडवते. खिडकीतल्या बरणीत सरडा ठेवला, तर बरणी तापते, उजेड भरपूर दिसतो, आणि तरीही त्याची हाडे मऊ पडू शकतात. मुलांना होणाऱ्या मुडदुसासारखाच हा प्रकार.

तेव्हा भिंतीवरची पाल भिंतीवरच राहू द्या. तिथे तिला नाना तऱ्हेचे किडे मिळतात, हवी तशी ऊब शोधता येते, आणि भाताचे शत्रूही काही प्रमाणात कमी होतात. घोरपडीला तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षण आहे. तिला पकडणे गुन्हा आहे.

निरीक्षण मात्र जरूर करा. आठवडाभर रोज ७ ते ८ या वेळात एका दिव्यापाशी पालीने किती वेळा झडप घातली आणि किती वेळा किडा पकडला, ते तापमानासह वहीत टिपा. मेलेला किडा धाग्याला बांधून एकदा स्थिर ठेवा, एकदा हलवून पाहा. घरातली पाल विषारी नसते. पण तिच्या विष्ठेत रोगजंतू असू शकतात, म्हणून नंतर साबणाने हात धुवा. थंडी वाढेल तसा झडपांचा आकडा कसा बदलतो, हे तुमची वहीच तुम्हाला सांगेल.