गद्यलेखकाने कविता का वाचावी?

बोरांसाठी आणि तलावासाठी खानदेशभर प्रसिद्ध असलेले मेहरूण आता जळगाव शहरात सामावून गेले असले, तरी त्याच्या आसमंतात मराठी कवितेचे जे वैभव नांदून गेले, त्याचा लाभ केवळ कवींनीच घ्यावा असे नाही; पत्र, अर्ज, अहवाल वा वर्तमानपत्री मजकूर लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो घ्यावा, अशी त्याची योग्यता आहे.

जवळच्याच असोद्यास १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. परंतु शेतात आणि जात्यावर त्यांच्या मुखातून निघालेली गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती महाराष्ट्रापुढे आली. मनाची चंचलता बहिणाबाई चित्रातून सांगतात. हाकलले तरी पुनःपुन्हा पिकाकडे वळणारे जनावर त्या आपल्यापुढे उभे करतात. जेथे आपण भाववाचक नामांची रास रचून वाक्य जड करतो, तेथे डोळ्यांना दिसणारी एक वस्तू आणि एक चपळ क्रियापद पुरते, हा धडा कोणत्याही व्याकरणापेक्षा त्यांच्या गाण्यांतून अधिक सुलभतेने मिळतो.

दुसरा धडा संयमाचा. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना १९०७ साली जळगावास भरलेल्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी लाभली आणि १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. त्यांची ‘औदुंबर’ ही अवघ्या आठ ओळींची कविता पाहावी: गाव, शेतमळे, पायवाट आणि पाणी यांचे रंग एकामागून एक मांडले जातात, शेवटी पाण्यात पाय सोडून बसलेले झाड येते, आणि खिन्नतेचा उच्चार कोठेही नसताना वाचकाचे मन खिन्न होते. काय लिहावे याइतकेच काय गाळावे, हे येथे कळते.

तिसरा धडा नादाचा. ‘गीताई’ हा गीतेचा समश्लोकी मराठी अनुवाद १९३१ साली पुरा करणाऱ्या विनोबांनी पुढील वर्षी धुळ्याच्या तुरुंगात, २१ फेब्रुवारी ते १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्या गद्यातील आटोपशीर, कानाला सुखावणारी वाक्ये पाहिली, म्हणजे श्लोकाचे माप जिभेवर खेळविलेला मनुष्य गद्यातही शब्द मोजूनच टाकतो, याचा प्रत्यय येतो.

मात्र नुसत्या वाचनाने हे साधत नाही. कविता प्रथम मोठ्याने म्हणावी. मग पुस्तक मिटून तिचा आशय साध्या गद्यात लिहावा. नंतर मूळ कवितेशी ताडून आपण कोणते शब्द फाजील घातले आणि कोणते नेमके शब्द गमावले, याचा हिशेब मांडावा. हाच हिशेब आपल्या अर्जाला आणि कैफियतीला लावला, तर ‘उपरोक्त विषयास अनुसरून’सारखी निम्मी अडगळ आपोआप गळून पडेल आणि दप्तरातील अंमलदारासही मागणी एका वाचनात उमगेल.

म्हणून, फराळ चालू असताना या दिवाळी अंकातील कथा-लेखांबरोबर त्यातील कविताही, न वगळता, मोठ्याने वाचाव्यात, एवढीच वाचकांस विनंती.