दुकानाची वाढ आणि मालाचा उठाव

दुकानदारीत ज्याचा मोह पहिल्या नफ्याबरोबरच उत्पन्न होतो आणि ज्याची खरी परीक्षा मात्र पुष्कळ दिवसांनी, भाडे आणि मालाचा उठाव यांचा मेळ बसवताना होते, असा निर्णय म्हणजे जागा वाढविण्याचा होय. तुर्कस्तानातील नोक्ता गेम्स या संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘स्टीम’ या खेळविक्रीच्या मंचावर खुला केलेला ‘सुपरमार्केट सिम्युलेटर’ हा संगणकावरील खेळ हाच प्रश्न खेळणाऱ्यापुढे वारंवार ठेवतो. या खेळात दीर्घकाळ दुकान चालविल्यावर त्यासंबंधी माझे जे मत बनले आहे, ते येथे सविस्तर मांडतो.

आरंभी आपल्या ताब्यात येते ती एक लहानशी खोली, मोजक्या मांडण्या, एक गल्ला आणि एक संगणक. माल मागविणे, नव्या जिनसांचा परवाना घेणे, नोकर ठेवणे, भाड्याची व विजेची देयके भागविणे, हा सारा कारभार त्या संगणकावरूनच चालतो. मागविलेला माल खोक्यांतून दाराबाहेरच्या पदपथावर येऊन पडतो. तेथून प्रत्येक खोका उचलून आत आणणे, तो उघडणे आणि त्यातील एकेक नग फळीवर लावणे हे काम प्रारंभी आपणच करावयाचे असते. दरम्यान गल्ल्यापाशी गिऱ्हाईक येऊन उभे राहते. त्याच्या जिनसा एकेक करून स्कॅन कराव्या, बिल पावणेचौदा डॉलरचे व्हावे, त्याने वीस डॉलरची नोट पुढे करावी आणि आपण खणातून पाचाची एक, एकाची एक अशा दोन नोटा व पाव डॉलरचे एक नाणे बिनचूक मोजून द्यावे, एवढ्या अवधीत त्याच्यामागे आणखी माणसे येऊन थांबलेली असतात. हे हातांचे काम ज्याने मन लावून केले आहे, त्याला दुकानाची अडचण नेमकी कोठे आहे हे सांगावे लागत नाही.

जागेची वाढ या खेळात तुकड्यातुकड्यांनी विकत मिळते. त्यासाठी रोकड तर हवीच, शिवाय दुकानाने ठराविक पातळीही गाठलेली असावी लागते. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट ही की, किंमत एकदाच भरून हा व्यवहार संपत नाही. घेतलेल्या प्रत्येक तुकड्यागणिक रोजचे भाडे वाढते आणि ती वाढ उठाव असो वा नसो, दररोज द्यावीच लागते. उलट, नुसत्या मोकळ्या जमिनीने उत्पन्नात काडीचीही भर पडत नाही. समजा, नव्या तुकड्याने भाडे रोज दहा डॉलरने वाढले आणि एका नगामागे सरासरी अर्धा डॉलर सुटत असला, तर केवळ ते भाडे भरून काढण्यासाठी पूर्वीपेक्षा वीस नग रोज अधिक खपले पाहिजेत. त्या जागेत शीतकपाट ठेवले तर विजेचा खर्च निराळाच. हे वीस नग कोणते आणि ते कोण घेणार, याचे उत्तर तयार नसताना केलेला विस्तार हा तोट्याचाच व्यवहार समजावा.

मग जागा लागते केव्हा? याचे उत्तर मांडणीच्या रचनेत आहे. फळीच्या एका कप्प्यात एकाच प्रकारचा जिन्नस राहतो. अर्थात नवा परवाना घेऊन आपण जेवढे नवे जिन्नस आणू, तेवढे नवे कप्पे लागणार, मग प्रत्येकाचा खप कितीही थोडा असो. परवाना घेतला, परंतु माल लावण्यास फळी उरली नाही, तर तो जिन्नस शोधणारे गिऱ्हाईक ‘मिळाला नाही’ अशी तक्रार करून बाहेर पडते. अशी तक्रार दररोज कानी पडू लागली आणि मांडण्यांची फेररचना करूनही एकही कप्पा निघेना, म्हणजे विस्ताराची वेळ झाली. दर चढा असल्याची तक्रार असेल, तर मात्र इलाज जागेत नसून किमतीत आहे. बाजारभाव बदलत असल्यामुळे आपल्या किमतीही त्याबरोबर तपासाव्या लागतात.

गल्ल्यापुढची रांग हटत नसेल, तर वाढीव जागेने ती कमी होणार नाही. तेथे रोजंदारीवर कॅशियर नेमणे हाच मार्ग, आणि माझ्या मते बहुतेक दुकानांत पहिल्या विस्तारापूर्वी हीच नेमणूक व्हावी, कारण मालकाचे हात मोकळे झाल्याखेरीज नव्या फळ्या भरणार कोण? त्याचप्रमाणे, पदपथावर खोक्यांचा ढीग पडून राहत असेल, तर दर्शनी भाग वाढविण्याऐवजी गोदाम घ्यावे. माल लावणारा कामगार गोदामातील मांडणीवरून खोके उचलतो. तेव्हा गोदाम आणि तो कामगार यांचा विचार एकत्रच करणे इष्ट.

तात्पर्य, दुकान वाढवावे. पण परवाना, फळी, हात आणि जागा हा क्रम मोडू नये. रात्री नऊनंतर नवे गिऱ्हाईक येणे थांबले की, दिवसाचा जमाखर्च पाहताना नफ्याच्या आकड्याइतकेच लक्ष रिकाम्या राहिलेल्या कप्प्यांकडे आणि भरून वाहणाऱ्या कप्प्यांकडेही द्यावे. रिकामे कप्पे अधिक असतील, तर विस्तार लांबणीवर टाकून ती रोकड मालात घालावी. सगळे कप्पे भरलेले असून त्यांतील माल खपतही असेल आणि हाती आणखी एक परवाना असेल, तर निःशंकपणे भिंत मागे सरकवावी. अशा वेळी वाढलेले भाडे नव्या मालाच्या उठावातूनच सुटते आणि दुकानदाराला खेळत्या भांडवलाला हात लावावा लागत नाही.