कर्करोगाच्या गोळीने पुरळ उठले तर

फुप्फुसाच्या कर्करोगावर गेफिटिनिब, एर्लोटिनिब अशा गोळ्या नागपूरहून घेऊन येणारे रुग्ण आता मारेगावातही माझ्याकडे येतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत चेहऱ्यावर, छाती-पाठीवर मुरुमांसारखे पुरळ उठते. घरचे म्हणतात, ‘गोळी गरम पडली.’ मग कडुनिंबाचा पाला येतो आणि गोळी बंद होते! माझे कळकळीचे सांगणे, गोळी परस्पर थांबवू नका.

हे पुरळ संसर्गाचे नव्हे, कुणाला लागत नाही. वाढीचा संदेश ज्या दारातून कर्करोगाच्या पेशीत शिरतो, ते दार ही गोळी बंद करते. तसेच दार त्वचेच्या पेशींनाही असते, म्हणून हा त्रास. मुरुमांची मलमे लावू नयेत, कातडी आणखी कोरडी पडते. कोमट पाण्याने आंघोळ करून ओलसर अंगावर बिनवासाचे मॉइश्चरायझर लावावे. उन्हाने पुरळ वाढते. पऱ्हाटीत जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला दुपट्टा हवाच. डॉक्सिसायक्लिन किंवा सौम्य स्टेरॉइड मलम डॉक्टर देतात, दुकानदाराने देऊ नये.

ताप, पू किंवा तोंडा-डोळ्यांत फोड आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. त्रास फारच झाला तर तिथले डॉक्टर गोळी काही दिवस थांबवून पुन्हा सुरू करतात, कधी मात्रा कमी करतात.