रिलेशनल डेटाबेसमधील उपप्रकारांची मांडणी : ग्रंथालय सभासदांच्या नोंदींच्या संदर्भात

ई. एफ. कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल प्रतिमानात ‘वारसा’ ही संकल्पना नाही. व्यवहारात मात्र एकाच घटकाचे अनेक उपप्रकार आढळतात. महाविद्यालयीन ग्रंथालयाचे सभासदच पाहा : विद्यार्थी, प्राध्यापक व शिक्षकेतर कर्मचारी. नाव व पत्ता सर्वांनाच असतो. वर्ग केवळ विद्यार्थ्यांना, पदनाम केवळ सेवकवर्गाला.

सर्वांसाठी एकच टेबल केल्यास माहिती काढणे सुलभ होते. परंतु अनेक रकाने रिकामे राहतात. विद्यार्थ्याचा वर्ग नोंदलेला असलाच पाहिजे, हा नियम रकान्यावर सरसकट ‘नॉट नल’ लावून सांगता येत नाही. प्रकारनिहाय चेक कन्स्ट्रेंट लिहावे लागते. वेगळे रकाने मोजके असतील तर ही पद्धत त्याज्य मानण्याचे कारण नाही.

तीन स्वतंत्र टेबलांची रचना दिसावयास नीटनेटकी असते. तिचा दोष देवघेवीच्या नोंदीत उघड होतो. पुस्तक कोणाकडे आहे हे सांगणारी फॉरेन की एकाच टेबलाकडे निर्देश करू शकते. परिणामी क्रमांक व प्रकार नुसते लिहून ठेवले जातात आणि तो सभासद अस्तित्वात आहे की नाही, याची हमी डेटाबेस देत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमधील ‘इनहेरिट्स’ सुविधेनेही हे साधत नाही. मूळ टेबलाकडे निर्देश करणारी फॉरेन की उपटेबलांतील ओळी विचारात घेत नाही.

म्हणून ‘सभासद’ हे मुख्य टेबल व प्रत्येक उपप्रकाराचे स्वतंत्र टेबल, ही रचना अधिक विश्वसनीय ठरते. उपटेबलाची प्रायमरी की हीच मुख्य टेबलाकडे जाणारी फॉरेन की असते, आणि देवघेव ‘सभासद’ टेबलाशी जोडली जाते. जॉइनचा खर्च वाढतो, एवढेच. एका सभासदाचा एकच प्रकार असावा असे वाटल्यास ‘प्रकार’ हा रकाना दोन्हीकडे ठेवून क्रमांक व प्रकार यांची संयुक्त फॉरेन की करावी आणि उपटेबलात त्या रकान्याचे मूल्य चेकने निश्चित करावे.

परंतु ही सक्ती करण्यापूर्वी विचार व्हावा. एखादे प्राध्यापक आपल्याच महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात पीएच.डी.साठी नोंदणी करतात. सक्ती असल्यास त्यांना दोन सभासद क्रमांक द्यावे लागतात. मग एका क्रमांकावर ना-देय प्रमाणपत्र मिळते आणि पुस्तके दुसऱ्या क्रमांकावर थकीत राहतात. अशा ठिकाणी ‘प्रकार’ हा रकाना वगळून एकाच क्रमांकाची ओळ दोन्ही उपटेबलांत असू द्यावी.