धड ना मराठी, धड ना कन्नड?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या, कर्नाटक सीमेजवळच्या गडहिंग्लजच्या बाजारात एकाच गाळ्यावर भाव मराठीत सांगितला जातो, घासाघीस कन्नडात होते आणि पुढचं गिऱ्हाईक आलं की पुन्हा मराठी. ऐकणारा परगावचा माणूस दोन निष्कर्ष काढून मोकळा होतो: यांना धड एकही भाषा येत नाही आणि कन्नड बोलताना हे मनात मराठीचं भाषांतर करत असणार. दुसरा समज नवशिक्यापुरता खरा आहे. क्रोल आणि स्ट्यूअर्ट या संशोधकांनी 1994 मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार सुरुवातीला परका शब्द मातृभाषेतल्या शब्दामार्गे अर्थापर्यंत पोचतो. सराव वाढला की ही मधली पायरी सुटत जाते आणि कल्पनेचं नातं दोन्ही शब्दांशी थेट जुळतं. पण मग बोलताना दुसरी भाषा झोपलेली असते का? तसंही नाही. कातालान-स्पॅनिश बोलणाऱ्यांना चित्रांची नावं सांगायला लावली, तेव्हा दोन्ही भाषांत सारखं वाजणारं नाव लवकर आलं (कोस्टा आणि सहकारी, 2000). न वापरलेली भाषाही जागी असल्याखेरीज असं घडणार नाही. या हिशेबाने ‘तूप’ आणि ‘तुप्प’ एकमेकांना हात देतील, ‘लोणी’ आणि ‘बेण्णे’ देणार नाहीत.

दोन्ही भाषा जाग्या असतील तर सरमिसळ अटळच, असा आक्षेप येईल. पण तोच गाळेवाला कन्नड न कळणाऱ्या गिऱ्हाइकाशी सरळ मराठीत बोलतो. न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन लोकांचा अभ्यास करताना शाना पोपलॅक यांना 1980 मध्ये आढळलं, की वाक्याच्या मध्येच भाषा बदलणारे बहुधा दोन्ही भाषांत तरबेज असतात. कच्चे बोलणारे ते टाळतात. किंमत मोजावी लागते ती वेगळीच. द्विभाषिकांचा शब्द जिभेवर येऊन अडकण्याचे प्रसंग थोडे जास्त असतात. वापर दोन भाषांत विभागल्याने प्रत्येक शब्दाला सराव कमी मिळतो, हे त्याचं एक पटणारं कारण. त्याला अज्ञान म्हणणं अन्यायाचं आहे.

भाषा एकत्र नांदूनही वेगळ्या राहतात याचा सर्वांत बोलका दाखला कोल्हापूरपासून सुमारे 50 किलोमीटरवर, सांगलीजवळच्या कुपवाडचा. गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी 1971 मध्ये दाखवलं, की तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदून वाक्यरचनेत जवळजवळ एक झाल्या होत्या. मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’, उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’. कन्नड वाक्यही त्याच साच्यातलं. भाषा मिसळून गोंधळच होत असता तर शब्दही एक व्हायला हवे होते. ते मात्र बरेचसे वेगळे राहिले, कारण घरात कोणती भाषा बोलायची यावरून कोण कोणत्या समाजाचा हे ठरत होतं.