मोटारसायकलींवरून ग्वाल्हेर ते उज्जैन

ग्वाल्हेरहून उज्जैनला जाणारा रस्ता मराठी माणसाला परका नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली आपली राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरीस आणली आणि किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांच्या फौजेची छावणी पडली. त्या छावणीचेच पुढे 'लष्कर' हे शहर झाले. १८५७ साली पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे आपल्या चुलत्यांसह घराबाहेर पडले, तेही माळव्यातूनच इकडे आले. त्या काळी लांबच्या वाटेला कोणी सहसा एकटा निघत नसे. सोबत पाहूनच निघे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही हाच रस्ता उलट दिशेने मोटारसायकलींवरून गाठला, तेव्हा सोबत या शब्दाचा अर्थ आम्हांस जरा उशिराच कळला.

गाड्या सहा आणि माणसे अकरा. त्यांत आमचे कुटुंब, दोन मेहुणे, तेरा वर्षांचा एक भाचा, शाळेतील चित्रकलेचे मास्तर व त्यांच्या पत्नी, आणि काही शेजारी होते. अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर. शिवपुरी, गुना, ब्यावरा, सारंगपूर, शाजापूर आणि मक्सी या मार्गाने, गुन्यास एक मुक्काम करून जावयाचे ठरले. मोटारसायकलीवर चालकामागे एकच माणूस बसावा, असा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचा दंडक आहे, आणि शिरस्त्राण दोघांनीही घालावयाचे असते. आई, बाबा आणि मध्ये दोन मुले असे चित्र आपल्या शहरात रोज दिसते म्हणून ते कायदेशीर ठरत नाही, सुरक्षित तर मुळीच नाही.

पुष्कळ गाड्या एकत्र निघाल्या म्हणजे त्यांनी आगगाडीच्या डब्यांप्रमाणे एकामागे एक चिकटून चालावे, अशी आमची प्रथम कल्पना होती. ती चुकीची आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोर म्हैस आली हे डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर दाबला जाईपर्यंतच एवढे अंतर कापलेले असते. गाडी थांबण्यास लागणारे अंतर त्याच्या पुढचे. शिवाय वेग दुप्पट झाला तर ब्रेक लावल्यानंतरचे हे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणून पहिल्या गाडीने आपल्या पट्ट्याच्या उजव्या अंगाने, दुसरीने डाव्या, तिसरीने पुन्हा उजव्या अंगाने, असे नागमोडी चालावे. तिरप्या समोरच्या गाडीशी एक सेकंदाचे आणि सरळ समोरच्या गाडीशी दोन सेकंदांचे अंतर असावे. ते मोजणे सोपे आहे. पुढची गाडी मैलाच्या दगडाजवळून गेली की "एक हजार एक, एक हजार दोन" असे सावकाश म्हणावे. ते म्हणून होण्याआधी आपण त्या दगडाशी पोचलो, तर आपण फार जवळ आहोत. वळणावर मात्र ही रचना सोडून एकेरी व्हावे.

मागे बसणाऱ्यासही काम असते. गाडी वळणावर कलली की त्याने तिच्याबरोबर कलावे. भीतीने उलट बाजूस ताठ बसला, तर चालकाचा तोल बिघडतो. आमच्या गोव्याकडे 'पायलट' म्हणून ओळखले जाणारे मोटारसायकलवाले उतारूंना भाड्याने नेतात. त्यांच्या मागे मासळीच्या बाजाराला निघालेली म्हातारीही वळणावर इतक्या सहजतेने कलते, की तिला हे कोणी शिकविले असेल असे वाटत नाही! साडीचा पदर आणि ओढणी मात्र घट्ट खोचूनच बसावे. चाकात किंवा साखळीत वस्त्र गेले, तर आवरण्यास वेळ मिळत नाही.

हे सर्व आम्हांस ठाऊक होते. तरीही पहिल्याच दिवशी चूक झाली, आणि ती आमची होती. मोहना मागे टाकल्यावर रस्ता मोकळा लागला, हवा थंड होती, आणि पुढच्या गाड्यांचा वेग नकळत वाढला. शेवटची गाडी मास्तरांची. तिच्यापुढे आम्ही होतो. आरशात त्यांचा दिवा दिसेनासा झाला तेव्हा "येतीलच" असे म्हणून आम्ही पुढल्यांना गाठण्याच्या नादात राहिलो. शिवपुरीस चहाला थांबलो, दहा मिनिटे गेली, वीस गेली. त्यांचा दूरध्वनी लागेना. आम्ही मागे फिरलो, तेव्हा ती दोघे रानातल्या रस्त्याच्या कडेला, हवा गेलेल्या मागच्या चाकाशेजारी बसलेली आढळली. एक तास दहा मिनिटे ती तेथे होती. टायरला भोक बुजविण्याचे सामान आमच्या पेटीत होते! मास्तर हसले. त्यांच्या पत्नींनी एवढेच विचारले, "भावजी, तुम्ही किती पुढे गेला होता?" या प्रश्नाचे उत्तर देताना आम्हांस मान वर करवली नाही.

त्या रात्री गुन्यास एक नियम ठरला. पुढच्याला गाठणे हे कोणाचेच काम नाही. प्रत्येकाने आपल्या मागच्यास राखावे. मागचा आरशात दिसेनासा झाला की वेग कमी करावा. तरी न दिसला, तर कडेला थांबावे. मग आपण थांबलेले पाहून आपल्यापुढचा थांबतो, त्याला पाहून त्याच्यापुढचा. आणि शिट्टी की हाक काही नसता निरोप पहिल्या गाडीपर्यंत आपोआप पोचतो. हत्यारे व औषधे शेवटच्या गाडीवर ठेवावी आणि सर्वांत सावकाश चालविणाऱ्यास पहिल्या गाडीच्या लगेच मागे जागा द्यावी, म्हणजे वेग त्याच्या मानाने राहतो.

दुसऱ्या दिवशी सारंगपूरला कालीसिंध ओलांडून जेवलो. पुढे शाजापूरच्या परिसरात रस्ता कर्कवृत्त ओलांडतो, ते भाच्याला दाखविण्यास आम्ही उत्सुक होतो. तोच मधली एक गाडी कडेला थांबली. काही मिनिटांत साऱ्या थांबल्या. गाडीला काहीच झाले नव्हते. आमच्या धाकट्या मेहुण्यास जेवणानंतर झापड येत होती. "काल असतो तर थांबलो नसतो," तो म्हणाला. "सगळे पुढे जातील, मग हसतील, म्हणून तसाच रेटीत राहिलो असतो." गाडीवर झोप येणे हे ब्रेक निकामी होण्याइतकेच भयंकर असते, आणि लाजेपोटी ती लपविली जाते. वाऱ्याने घाम तत्काळ वाळतो, तहान कळत नाही, आणि शरीरातले पाणी कमी झाले की थकवा अधिकच दाटतो. आम्ही त्याला पाणी पाजले, लिंबाखाली अर्धा तास निजू दिले. भाच्याने तोवर कर्कवृत्ताची नेमकी जागा शोधण्यासाठी सर्वांचे नकाशे उलटेपालटे केले.

मक्सीच्या फाट्यावरून उज्जैनच्या वाटेस लागलो तेव्हा दिवेलागण झाली होती. क्षिप्रेच्या घाटावर पोचेपर्यंत आमच्या आरशातून मास्तरांचा दिवा एकदाही हलला नाही.

परतीच्या वेळी पहिल्या गाडीमागची जागा त्यांना दिली, आणि हत्यारांची पेटी घेऊन शेवटची आम्ही घेतली.