आवाज रांगेत अडकतो तेव्हा

इंटरनेट फोनवर तुम्ही ‘नमस्कार’ म्हणता तेव्हा तो शब्द अखंड कुठेच जात नाही. फोन आधी सेकंदाला 8,000 वेळा तुमच्या आवाजाची पातळी मोजतो आणि प्रत्येक मोजमाप एका बाइटमध्ये नोंदवतो. 20 मिलिसेकंदांत असे 160 बाइट साचले, की त्यांचं पॅकेट बांधून रवाना करतो. त्यावर पत्ता, क्रमांक, वेळ लिहायला आणखी 40 बाइट जातात. अशी पॅकेटं सेकंदाला 50. म्हणजे ‘नमस्कार’ पुरा होईतो पंचवीस-तीस पॅकेटं वाटेला लागलेली असतात, आणि ज्या जाळ्यावरून ती जातात ते जाळं त्यातलं एकही पोहोचवण्याची हमी देत नाही. असल्या बेभरवशाच्या वाटेवरून लोक रोज भाव ठरवतात, भांडतात, मुलाखती देतात, हे मला अजूनही पुरतं खरं वाटत नाही.

खरं तर फाइल पाठवताना हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवता येतं. बोलण्यात ती सोय नाही. अर्ध्या सेकंदाने परत आलेला ‘का’ घेऊन करायचं काय? 1974 मध्ये इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर कॅलिफोर्निया ते मॅसेच्युसेट्स असा आवाज पॅकेटांतून पाठवण्याचे प्रयोग झाले, त्यांतले एक प्रमुख डॅनी कोहेन. आवाजाला अचूकतेपेक्षा वेळ प्यारी, म्हणून हरवलेलं सोडून देणारी वेगळी वाट हवी, हा आग्रह त्यांनी लावून धरला. आजचे ऑफिसातले फोन यूडीपी नावाच्या त्याच वाटेने बोलतात.

हरवलेल्या तुकड्याचं काय होतं, हे तर अधिकच गमतीचं. पलीकडचा फोन थापा मारतो! एखादं पॅकेट आलं नाही, तर आधीच्या आवाजातली शेवटची लहर पुन्हा वाजवून तो भोक बुजवतो. एखाद-दुसऱ्या ठिगळाचा आपल्याला पत्ताही लागत नाही. लागोपाठ पॅकेटं गेली, की तीच लहर पुन्हापुन्हा वाजते आणि माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलतोय असं वाटतं. या थापेबाजीची जी एक प्रमाणित रीत आहे, तिच्यात आवाज हळूहळू उतरवत नेऊन 60 मिलिसेकंदांनंतर फोन सरळ गप्प बसतो. ‘तुमचा आवाज कट होतोय’ म्हणतात तो हा क्षण.

तक्रार कोण करतं याकडे लक्ष दिलं तर निम्मं निदान तिथेच होतं. तुम्हाला समोरचा स्वच्छ ऐकू येतोय आणि तोच ‘हॅलो, हॅलो’ करतोय, तर बिघाड बहुधा तुमच्याकडून बाहेर जाणाऱ्या वाटेवर, म्हणजे अपलोडवर. एका बाजूला काहीच ऐकू येत नसेल, तर प्रश्न सहसा गर्दीचा नसतो. बहुधा राउटरने पत्ते बदलताना घोळ घातलेला असतो. वायफायवरचेच फोन अडखळत असतील, तर एक फोन केबलने जोडून पाहावा. वायफायच्या एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, आणि तिथे शेजारच्या ऑफिसचाही वाटा असतो. आवाज स्पष्ट आहे पण दोघं सारखे एकमेकांच्या बोलण्यावर बोलताहेत, तर मात्र विलंब वाढलाय.

विलंबाचं माप आपल्या कानांनीच ठरवलेलं आहे. वेगवेगळ्या दहा भाषांतल्या गप्पांचा 2009 मध्ये अभ्यास झाला, त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा. त्यातला काही भाग पॅकेट बांधण्यात जातो. काही, पुढेमागे येणारी पॅकेटं पलीकडच्या फोनने थोडी थांबवून ओळीत लावण्यात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे पुण्याहून मुंबईला जायला एक-दोन मिलिसेकंद पुरतात. मग एकमेकांवर बोलायला लावणारा अर्धा सेकंद खातं कोण?

बहुतेक ऑफिसांत पहिला उपाय ठरलेला असतो: मोठा प्लॅन घ्या. आता हिशेब पाहा. एका कॉलला एका दिशेने 90 किलोबिटही लागत नाहीत. दहा जण एकदम बोलत असले तरी एक मेगाबिट भरत नाही. आवाजाला रुंद रस्ता नको, मोकळा रस्ता हवा. कुणाच्या तरी संगणकाचा क्लाउड बॅकअप सुरू झाला, की राउटरच्या तोंडाशी 1,500 बाइटांच्या गलेलठ्ठ पॅकेटांची रांग लागते. महिन्याचं वाणसामान भरणाऱ्या गिऱ्हाइकांच्या मागे एक काडेपेटी घ्यायला आलेला पोरगा उभा राहावा, तसं आवाजाचं 200 बाइटांचं पॅकेट त्या रांगेत उभं राहतं. अपलोड एक मेगाबिट असेल आणि राउटरच्या बफरमध्ये, म्हणजे पॅकेटं थांबवून ठेवायच्या मेमरीत, 256 किलोबाइट साचले असतील, तर त्याचा नंबर दोन सेकंदांनी लागतो.

ही रांग इतकी लांबते, त्यामागे एक सद्हेतू आहे. ऑक्टोबर 1986 मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातली जोडणी गर्दीने कोसळली. दोन्ही ठिकाणं हाकेच्या अंतरावर. पण वेग सेकंदाला 32,000 बिटांवरून 40 बिटांवर आला. संशोधक व्हॅन जेकबसन यांनी या कोसळण्याचा पिच्छा पुरवला आणि 1988 मध्ये उपाय मांडला: पॅकेट हरवलं, की पाठवणाऱ्याने ती गर्दीची खूण समजावी आणि हात आखडावा. इंटरनेट आजवर टिकलं त्यात या शहाणपणाचा मोठा वाटा आहे. पुढे मेमरी स्वस्त झाली. पॅकेट हरवणं वाईट, म्हणून उपकरणं बनवणाऱ्यांनी बफर वाढवत नेले. पॅकेट हरवेना, तेव्हा खूणही मिळेना. बॅकअप आपला ओततच राहतो, रांग वाढतच राहते. 2010 मध्ये जिम गेटिस या संगणकतज्ज्ञाला आपल्या घरच्या जोडणीवर मोठी फाइल पाठवताना हा प्रकार दिसला. ‘बफरब्लोट’ हे नाव त्यांनीच रूढ केलं.

उत्तर 2012 मध्ये आलं, कॅथलीन निकोल्स आणि पुन्हा तेच जेकबसन यांच्याकडून. त्यांच्या ‘कोडेल’ पद्धतीत रांग किती लांब हे पाहतच नाहीत. पॅकेट रांगेत किती वेळ ताटकळलं ते पाहतात. 100 मिलिसेकंदांच्या अवधीत ताटकळणं 5 मिलिसेकंदांच्या खाली एकदाही आलं नाही, तर पॅकेटं मुद्दाम टाकून द्यायला सुरुवात होते. टाकलेल्यातून पाठवणाऱ्याला खूण पोहोचते आणि रांग ओसरते. तिच्यावर बेतलेली ‘एफक्यू-कोडेल’ आणखी पुढे जाते. प्रत्येक वाहत्या धारेची रांग वेगळी करून ती सडपातळ धारांना आधी सोडते, त्यामुळे कुणी शिफारस न करताही आवाज पुढे निघतो. दोन्ही पद्धती त्याच वर्षी लिनक्समध्ये आल्या, आणि आज कित्येक राउटरांच्या सेटिंगमध्ये ‘एसक्यूएम’ नावाखाली सापडतात.

खातरजमा करायला महागडं यंत्र नको. ऑफिस रिकामं असताना घेतलेली स्पीड टेस्ट इथे कुचकामी. एका संगणकावर पिंग, म्हणजे पॅकेटाला जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा, चालू ठेवा; दुसऱ्यावरून मोठी फाइल अपलोडला लावा. पंधरा-वीस मिलिसेकंदांवर असलेला पिंगचा आकडा चारशे-पाचशेवर चढला, तर चोर सापडला.

त्यावरची युक्ती मात्र उफराटी आहे. 20 मेगाबिटांचं अपलोड असेल, तर राउटरला 18चीच मर्यादा घालायची. पैसे मोजून घेतलेला वेग असा सोडून देणं जिवावर येतं. पण पूर्ण वेगाने पाठवलं तर रांग सेवादात्याच्या मोडेमात लागते आणि तिथे आपलं काही चालत नाही. आवाजाच्या पॅकेटांवर तातडीचा 46 हा शिक्का मारला, तरी ऑफिसच्या उंबऱ्याबाहेर तो कुणी मानेलच असं नाही. थोडा हात आखडला, की रांग आपल्याच राउटरमध्ये लागते आणि तिथे कोणाला आधी सोडायचं ते आपण ठरवतो. मग अपलोड चालू ठेवूनच पुन्हा पिंग पाहायचा आणि मर्यादा थोडी थोडी वर सरकवत न्यायची. आकडा पुन्हा उसळी मारायला लागला, की एक पाऊल मागे यायचं.